वायू कतारचा, वायू आपला : संपत्तीचे मोल कशावर ठरते?

(पुण्यात स्वयंसेवक आणि नागरिक कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज येथे येण्यापूर्वी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी चहा झाला असेल. काहींच्या घरी सिलिंडरवर, तर काहींच्या घरी नळातून येणाऱ्या गॅसवर. सिलिंडरमधला गॅस आणि नळाने येणारा गॅस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आजचा विषय दुसऱ्या वस्तूचा, म्हणजे नैसर्गिक वायूचा आहे. पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड ही कंपनी २००६ साली स्थापन झाली. भारत सरकारच्या गेल आणि भारत पेट्रोलियम या दोन उपक्रमांनी ती उभी केली. तेव्हापासून हा वायू हळूहळू आपल्या स्वयंपाकघरात, रिक्षांत, बसगाड्यांत आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पोहोचला.

हा वायू येतो कोठून, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. केंद्र सरकारने २०१४ पासून एक क्रम ठरविला आहे. देशात निघणारा स्वस्त वायू प्रथम घरगुती वापर आणि सीएनजी यांच्या वाट्याला द्यावयाचा आणि उद्योगांनी आपली गरज प्रामुख्याने आयात वायूवर भागवायची. नळीत सर्व वायू एकत्र मिसळलेला असतो, हे खरे. पण हिशेबाच्या वहीत पाहिले तर पुण्याच्या गृहिणीची शेगडी मुंबईजवळच्या समुद्रातील वायूवर पेटते आणि चाकणच्या भट्टीत जळणाऱ्या वायूचा मोठा भाग आखातातून आलेला असतो. एकाच शहरात दोन देशांचा वायू जळतो आहे. म्हणून या दोन देशांच्या वायुसंपत्तीची तुलना करावी, तिचे खरे मोल कशावर ठरते हे पाहावे, असे मी योजिले आहे. एक देश भारत, दुसरा कतार.

शाळेतील गणित आणि त्याची मर्यादा

प्रथम आकडे मांडू. २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय आकडेवारीनुसार कतारचा सिद्ध वायुसाठा सुमारे २४.७ लाख कोटी घनमीटर आहे. भारताचा सुमारे १.३ लाख कोटी घनमीटर. म्हणजे कतारचा साठा आपल्या एकोणीस पट. कतारची लोकसंख्या, बाहेरून आलेले कामगार धरूनसुद्धा, तीस लाखांच्या घरात आहे. म्हणजे आपल्या पुणे शहराहूनही कमी. आपण एकशे चाळीस कोटी. दरडोई वाटणी केली तर कतारमध्ये प्रत्येकाच्या नावे सुमारे ८२ लाख घनमीटर वायू येतो. आपल्याकडे येतो सुमारे ९३० घनमीटर.

हे ९३० म्हणजे किती, ते घरच्या मापाने पाहू. चार माणसांच्या कुटुंबाला स्वयंपाकासाठी महिन्याला साधारण पंधरा घनमीटर वायू लागतो असे धरा. चौघांचा मिळून वाटा झाला सुमारे ३,७०० घनमीटर. वर्षाला १८० प्रमाणे तो वीस वर्षे पुरेल. म्हणजे आज जन्मलेल्या मुलीचे लग्न होईपर्यंतचा स्वयंपाक! आणि यात खत नाही, वीज नाही, रिक्षा नाही, कारखाना नाही. २०२३-२४ साली देशाने जेवढा वायू वापरला, तो सर्व आपल्याच साठ्यातून काढायचा ठरविले तरी उत्तर तेच येते. साठा जेमतेम वीस वर्षे पुरेल. कतारचा साठा त्याच्या आजवरच्या उत्पादनाच्या गतीने सुमारे १४० वर्षे पुरावा.

आता पैशांत बोलू. साधारण २८ घनमीटर वायूतून व्यापारातील एक एकक, म्हणजे दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट इतकी उष्णता मिळते. त्याचा भाव दहा डॉलर धरला तर कतारचा साठा होतो ८.८ लाख कोटी डॉलरचा आणि आपला सुमारे ४६ हजार कोटी डॉलरचा. गणित संपले. वृत्तपत्रांत येणारी 'अमुक देश किती श्रीमंत' ही कोष्टके बहुधा येथेच थांबतात.

पण हे गणित फसवे आहे. एप्रिल २०२० मध्ये, महामारीने जग ठप्प झाले असताना, आशियात तात्काळ खरेदीच्या वायूचा भाव दोन डॉलरच्याही खाली गेला होता. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनचे युद्ध पेटताच, तोच भाव ऐंशी डॉलरच्या वर गेला. दोन वर्षांच्या आत चाळीस पट! या काळात कतारच्या समुद्राखाली वायूचा एक थेंबही वाढला नव्हता. मग देश चाळीस पट श्रीमंत झाला काय? नाही. जमिनीखालचा साठा गुणिले बाजारभाव हे संपत्तीचे मोल नव्हे. तो काढण्याचा, वाहून नेण्याचा, योग्य वेळी योग्य कराराने विकण्याचा आणि आलेल्या द्रव्याचे पुढे काय करावयाचे याचा निर्णय जो समाज करतो, त्याच्या शहाणपणावर ते मोल ठरते. कौटिल्याने खाणींना राजकोशाचे मूळ मानले हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच अर्थशास्त्रात त्याने खाणींवर जाणकार अध्यक्ष नेमण्याची व्यवस्था किती बारकाईने लावून दिली आहे, हे सांगायचे विसरतो.

मोत्यांचा देश, रुपयाचा देश

कतारची कथा आपण समजून घेतली पाहिजे, कारण तिचा आरंभ आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कतारचे जीवन समुद्रातील मोत्यांवर चाले. आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. जपानने संवर्धित मोती बाजारात आणले, जागतिक मंदी आली आणि १९३० च्या दशकात हा व्यापार कोसळला. चलन म्हणाल तर तेथे आपला रुपया चाले. १९५९ साली भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी स्वतंत्र रुपया काढला आणि कतारमध्ये तो १९६६ पर्यंत वापरात होता. ज्या देशाकडून आज आपण वायू घेतो, त्या देशाचे व्यवहार साठ-पासष्ट वर्षांपूर्वी आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर होत असत. इतिहासाचा काटा किती झपाट्याने फिरतो पाहा.

१९७१ साली कतार स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी त्याच्या समुद्रात 'नॉर्थ फील्ड' हे प्रचंड वायुक्षेत्र सापडले. शोध लागला तेव्हा कोणी फारसा आनंद मानला नाही, कारण शोधणाऱ्यांना तेल हवे होते. वायू पिंपात भरून नेता येत नाही. जवळपास गिऱ्हाईक नाही, नळी टाकावी तर शेजाऱ्यांची संमती हवी. संपत्ती समोर होती, पण मोल शून्य होते. ही अवस्था जवळजवळ वीस वर्षे टिकली.

त्यावर उपाय होता वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करण्याचा. असे केले की त्याचे आकारमान सहाशे पटीने घटते आणि तो जहाजातून नेता येतो. पण यासाठी लागणारे कारखाने आणि जहाजे अतिशय खर्चिक. कतारने प्रथम जपानच्या वीज कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार केला, त्या कराराच्या बळावर कर्ज उभे केले आणि रास लफान येथे कारखाना बांधला. डिसेंबर १९९६ मध्ये पहिले जहाज निघाले. अवघ्या चौदा वर्षांत, २०१० च्या अखेरीस, त्याची वार्षिक क्षमता ७ कोटी ७० लाख टनांवर गेली.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. भरभराट चालू असतानाच, २००५ साली, कतारने आपल्या वायुक्षेत्रात नवे प्रकल्प घेण्यावर स्वतःहून बंदी घातली. साठ्याचा नीट अभ्यास होईपर्यंत उपसा वाढवायचा नाही, असे ठरविले. ही बंदी २०१७ पर्यंत, बारा वर्षे पाळली. त्याच २००५ साली वायूचे उत्पन्न गुंतविण्यासाठी स्वतंत्र गुंतवणूक प्राधिकरण स्थापन केले. हातात आलेले सर्व खायचे नाही, ही घराघरांतली शिकवण त्यांनी राज्यकारभारात आणली. कतारची राजवट, त्याची परराष्ट्रनीती, तेथील परदेशी कामगारांचे हाल यांविषयी आक्षेप घ्यावे तेवढे थोडे. पण जे शिकण्यासारखे आहे ते शिकण्यात कमीपणा नाही.

एकाच तळ्याचे दोन काठ

कोणी म्हणेल, निसर्गानेच दिले, त्यात शहाणपण कसले? या शंकेचे उत्तर त्याच समुद्रात आहे. कतारचे नॉर्थ फील्ड आणि इराणचे दक्षिण पार्स हे एकच भांडार आहे. सागरी सीमारेषा त्याच्या मधून गेली आहे. सुमारे ९,७०० चौरस किलोमीटरपैकी ३,७०० इराणकडे आणि ६,००० कतारकडे. देशाचा एकूण साठा पाहिला तर इराण कतारहूनही मोठा. पण २०२५ पर्यंत इराणला द्रवरूप वायूचे एकही जहाज निर्यात करता आले नाही. एकीकडे बाहेरच्या निर्बंधांनी तंत्रज्ञान आणि भांडवल अडविले; दुसरीकडे देशांतर्गत वायू इतका स्वस्त ठेवला की उधळपट्टीला धरबंध राहिला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये थंडीत वायूच्या टंचाईमुळे इराणला शाळा आणि कार्यालये बंद ठेवावी लागली. जगातील सर्वात मोठ्या साठ्यांपैकी एकावर बसलेला देश थंडीने कुडकुडतो, याचा अर्थ काय? तळे एकच, पाणी एकच; पण एका काठावर ते विकले गेले आणि दुसऱ्या काठावर घरच्यांनाही पुरले नाही.

येथे आपलाही संबंध आहे. २००८ साली आपल्या ओएनजीसी विदेश या कंपनीच्या नेतृत्वाखालील भारतीय गटाने इराणच्या समुद्रात 'फर्झाद-बी' हे वायुक्षेत्र शोधून काढले. भांडवल आपले, परिश्रम आपल्या अभियंत्यांचे. वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळल्या, निर्बंध आड आले आणि २०२१ साली इराणने ते क्षेत्र आपल्याच कंपनीच्या हवाली केले. शोधणे वेगळे आणि पदरात पाडून घेणे वेगळे, हा धडा आपण मोठी किंमत मोजून शिकलो.

आपल्या ताटातला वायू

आता आपल्या घराकडे वळू. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट' या वेधन-नौकेने मुंबई हायचे तेल शोधले. १९७६ साली उत्पादन सुरू झाले, त्याच सुमारास वसईजवळच्या समुद्रात मोठे वायुक्षेत्रही सापडले. तेलासोबत वायू निघे. पण तो नेण्यासाठी नळ्या नव्हत्या. त्याचा मोठा हिस्सा समुद्रातच जाळून टाकावा लागे. ज्या काळात आपल्या माताभगिनी चुलीच्या धुराने डोळे चोळीत होत्या, त्याच काळात मुंबईच्या समुद्रात ज्वाळा रात्रंदिवस जळत होत्या. ही साठ्याची उणीव नव्हती, पूर्वतयारीची होती.

ती उणीव पुढे भरून काढली गेली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९८४ साली गेल स्थापन झाली आणि हजिरा–विजयपूर–जगदीशपूर ही सुमारे १,७०० किलोमीटरची नळी टाकली गेली. वसईच्या समुद्रातील वायू गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान ओलांडून उत्तर प्रदेशात गेला. विजयपूर, आंवला, जगदीशपूर येथे युरियाचे कारखाने उभे राहिले. रायगड जिल्ह्यातील थळचा खतकारखाना आणि उरणचे वीजकेंद्र याच समुद्राच्या वायूवर चालू लागले. कोणी म्हणेल, आमच्या किनाऱ्यापुढचा वायू आमच्याच दारी का राहू नये? त्याला माझे उत्तर असे की, त्या वायूचे खत झाले, खताने गंगेच्या खोऱ्यात गहू पिकला आणि तो गहू पुण्याच्या बाजारात आला. राष्ट्र एक शरीर आहे, हे आपण बौद्धिकात ऐकतो. ही नळी म्हणजे त्या शरीराची एक धमनीच आहे.

येथेच दोन देशांच्या वायूच्या मोलातील मूलभूत भेद लक्षात येतो. कतारमध्ये वायू ही विकण्याची वस्तू आहे. भारतात तो प्रथम अन्नाचा कच्चा माल आहे. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. इंदापूरचा ऊस असो की शिरूरचा कांदा, त्यामागे वायू आहे. गोणीचा खरा उत्पादनखर्च याच्या कितीतरी पट आहे. तो फरक सरकार, म्हणजे आपण सर्व, भरतो. आयात वायू महागला की तो फरक वाढतो. म्हणून आपल्या एक घनमीटर वायूचे मोल डॉलरमध्ये कतारइतकेच असले, तरी एकशे चाळीस कोटींच्या अन्नसुरक्षेच्या दृष्टीने ते कितीतरी अधिक आहे. जो दुर्मीळ असतो, त्याला अधिक जपावयाचे असते.

दाभोळचे दोन धडे

आपण ते नेहमी जपले काय? महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर दाभोळने दिले आहे. १९९२ साली एन्रॉनशी सामंजस्य करार झाला, १९९३ साली वीजखरेदीचा करार. १९९५ साली तो रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या, १९९९ साली पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला आणि वीज न परवडल्यामुळे २००१ साली बंद पडला. त्या वर्षाच्या अखेरीस खुद्द एन्रॉन दिवाळखोरीत गेली. पहिला धडा हा की, इंधन परदेशी, भाव डॉलरमध्ये आणि जोखीम मात्र आपल्या वीज मंडळाची, अशा कराराला विकास म्हणत नाहीत. त्या दशकात एकामागून एक आलेल्या सरकारांनी या प्रकल्पावर सह्या केल्या, हे मान्य करण्याचा प्रामाणिकपणा आपण सर्वांनी दाखविला पाहिजे.

दुसरा धडा कमी लोकांना ठाऊक आहे. २००५ साली सरकारी उपक्रमांनी हा प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने पुन्हा उभा केला. मग त्याला आधार मिळाला आंध्र किनाऱ्यावरील कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचा. २००२ साली या खोऱ्यात मोठा शोध लागला होता, एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २०१० मध्ये ते दिवसाला सहा कोटी घनमीटरच्या आसपास गेले. देशभर वायूवर चालणारी वीजकेंद्रे उभी राहिली. आता आपणही आखातासारखे होणार, अशी भाषा ऐकू येऊ लागली. पण ते क्षेत्र अपेक्षेप्रमाणे टिकले नाही; २०१३ पर्यंत उत्पादन पूर्वीच्या चतुर्थांशाच्याही खाली आले. दाभोळचा १,९६७ मेगावॉटचा प्रकल्प पुन्हा ठप्प झाला. कागदावरचा साठा म्हणजे हाती आलेली संपत्ती नव्हे. कतारने बारा वर्षे थांबून भांडाराचा अभ्यास केला. आपण अभ्यासापूर्वीच वरात काढली.

ग्राहकाचेही सामर्थ्य असते

मग निराश व्हायचे काय? नाही. ज्याचा साठा मोठा त्याची संपत्ती मोठी असेलच असे नाही. तसेच ज्याचा साठा लहान तो लाचार असलाच पाहिजे असेही नाही.

१९९९ साली पेट्रोनेट एलएनजीने कतारशी वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप वायूचा पंचवीस वर्षांचा करार केला. २००४ साली गुजरातमधील दहेज येथे पहिले जहाज लागले. पुढे कराराचा भाव बाराहून अधिक डॉलरवर गेला आणि बाजारात वायू स्वस्त झाला. २०१५ साली आपण ठरल्यापेक्षा बराच कमी माल उचलला. करारानुसार सुमारे १२,००० कोटी रुपयांचा दंड भरावा लागला असता. पण डिसेंबर २०१५ मध्ये फेरवाटाघाटी झाल्या, भाव निम्म्याच्या आसपास उतरला आणि दंड माफ झाला. कतारने हे दयाबुद्धीने केले नाही. भारतासारखा मोठा, जवळचा आणि पैसे बुडविणार नाही असा ग्राहक गमावणे त्यालाही परवडणारे नव्हते. आपली वाढती अर्थव्यवस्था, आपली पत, आपला शब्द हीदेखील संपत्तीच आहे; ती भूगर्भाच्या कोष्टकात दिसत नाही इतकेच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यात हाच करार २०२८ नंतर आणखी वीस वर्षांसाठी वाढविला गेला. त्याच आठवड्याच्या आगेमागे, ज्यांना कतारच्या न्यायालयाने २०२३ मध्ये फाशी सुनावली होती ते आपले आठ माजी नौसैनिक मुक्त झाले. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचा अधिकार मला नाही. पण राष्ट्राच्या संबंधांत व्यापार, मुत्सद्देगिरी आणि सामर्थ्य एकमेकांपासून अलग नसतात, एवढे निश्चित. आणि कतारच्या वायूमागे भारतीय हातही आहेत. तेथे सात लाखांहून अधिक भारतीय राहतात. ही संख्या तेथील मूळ नागरिकांहून मोठी आहे. त्यांत अभियंते आहेत, तंत्रज्ञ आहेत, मराठी घरातली मुले आहेत.

तरीही सावध राहिले पाहिजे. कतारहून निघणारे प्रत्येक जहाज होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येते. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात दक्षिण पार्सच्या वायुप्रकल्पावर हल्ला झाला आणि काही दिवसांतच कतारमधील अमेरिकी तळावर इराणची क्षेपणास्त्रे गेली. २०२२ साली युरोपातील युद्धामुळे रशियन कंपनीच्या एका परदेशी शाखेने गेलला ठरलेला वायू दिला नाही आणि आपल्या खतकारखान्यांचा पुरवठा कमी करावा लागला. भांडण कोणाचे आणि झळ कोणाला! ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये तर देशी वायू अपुरा पडू लागल्याने सीएनजीच्या वाट्यात लागोपाठ दोनदा कपात झाली. मुंबईजवळची जुनी क्षेत्रे थकत आहेत आणि मागणी वाढत आहे. पुण्याच्या रिक्षावाल्याच्या रोजच्या मिळकतीशी जोडलेला हा प्रश्न आहे.

आपल्या हातचा वायू

अशा वेळी आपल्या हाती काय आहे? पंडित दीनदयाळजींनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानांत निसर्गाच्या साधनांचा अमर्याद उपभोग नव्हे, तर नियमित आणि संयमित उपयोग हे अर्थव्यवस्थेचे ध्येय असावे, असा विचार मांडला. आपण गाईची धार काढतो, तिचे रक्त काढीत नाही. हा तो विवेक. भूगर्भातील वायू हे मुद्दल आहे. एकदा जळला की संपला. पण वायूचा एक प्रकार असा आहे की जो व्याजासारखा दरवर्षी मिळतो. शेण, खरकटे, पिकांचे अवशेष, साखर कारखान्यांतील प्रेसमड यांपासून मिळणारा जैववायू हा रासायनिकदृष्ट्या तोच आहे. शुद्ध केला की त्याच नळीतून, त्याच रिक्षातून चालतो.

पुण्याने यात मार्ग दाखविला आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली आरती या येथील संस्थेने घरच्या खरकट्यावर चालणारे आटोपशीर गोबरगॅस-संयंत्र विकसित केले. शेणापेक्षा पिष्टमय आणि साखरयुक्त खरकट्यापासून वायू कितीतरी जलद मिळतो, हे त्यांनी दाखविले. या कामाला २००६ साली ब्रिटनमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंदूर शहराने दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवून सुमारे १७ टन सीएनजी देणारा प्रकल्प सुरू केला.

मी आपल्याला खोटी आशा दाखविणार नाही. दिवसाला १७ टन म्हणजे वर्षाला सुमारे ६,२०० टन. कतारशी असलेल्या त्या एका कराराएवढा, ७५ लाख टन, वायू मिळवायचा तर इंदूरसारखे बाराशे प्रकल्प लागतील. एवढी मोठी शहरे आपल्याकडे नाहीत. पण साखर कारखाने आहेत, गोशाळा आहेत, बाजार समित्या आहेत, लाखो गावे आहेत. संपूर्ण गरज यातून भागणार नाही. पण दहावा हिस्सा जरी भागला, तरी पुढच्या करारासाठी टेबलावर बसणाऱ्या आपल्या प्रतिनिधीचा कणा तेवढा ताठ होईल. स्वावलंबनाचा अर्थ दारे बंद करणे असा नाही. 'नको' म्हणण्याची शक्ती अंगी असणे असा आहे.

आणि या प्रकल्पांचा पहिला टप्पा आपल्या ओट्यापाशी आहे. ओला कचरा वेगळा झाला नाही तर कोणताही प्रकल्प चालत नाही. प्लास्टिक मिसळले की यंत्र बंद पडते. हे काम सरकार करू शकत नाही, ते घरानेच करावयाचे असते. आपल्या शाखेच्या परिसरातील एक वस्ती, एक सोसायटी जरी आपण या कामी उभी केली, तरी ते राष्ट्रकार्यच आहे. त्याला घोषणा लागत नाहीत. दोन बादल्या आणि रोजची शिस्त लागते.

बंधू-भगिनींनो, कतारला निसर्गाने अपार दिले आणि त्याने ते हिशेबाने वापरले. आपल्याला निसर्गाने थोडे दिले. म्हणून आपला हिशेब त्याहून चोख हवा. उद्या सकाळी शेगडी पेटवाल तेव्हा एवढेच आठवा की ती ज्योत मुंबईच्या समुद्रातून आली आहे, तिचा साठा मोजका आहे, आणि तिच्यावर आपल्या नातवंडांचाही हक्क आहे.